ऐकलेला माणूस

दत्ताराम सोनू भुवड कामावर झोपत नव्हते.

हे वाक्य मी आधीच लिहून टाकते. कामगार संघटनेची पत्रकं लिहिता लिहिता लागलेली सवय आहे ही. गेटवर आपला कागद हातात घेणारा माणूस बस सुटायच्या आत जेवढं वाचेल तेवढंच आपलं, म्हणून मुख्य गोष्ट पहिल्या ओळीत. शिवाय लोट्याच्या त्या रसायनांच्या कारखान्यात हे साधं वाक्य कोणी मोठ्याने म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. तेव्हा कुठेतरी छापलेलं असू दे.

कारखान्यात सगळे त्यांना 'डुलकी' म्हणत. साहेबलोक पाठीमागे, बरोबरीचे तोंडावर, आणि कंत्राटी पोरं आदर म्हणून 'डुलकीदादा'. मी प्रयोगशाळेत नमुने तपासायला लागले तेव्हा पहिले काही दिवस मला ते आडनावच वाटलं. आपल्याकडे कायकाय आडनावं असतात, त्यातलं हे एक. मग एकदा हजेरीपत्रकात 'भुवड' वाचलं आणि शेजारच्या मॅडमना विचारलं, हे कोण? त्या म्हणाल्या, "अगं, डुलकी." जणू भुवड हेच टोपणनाव.

उंच, हडकुळा माणूस. उन्हातल्या कातळासारखा रंग. शर्टाचं गळ्याजवळचं बटणसुद्धा लावलेलं. हेल्मेट घरी नेताना प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून नेणारे आमच्याकडे ते एकटेच. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे न बघता खांद्याकडे बघत, आणि आवाज इतका बारीक की मशीनच्या घरघरीत त्यांचं अर्धं बोलणं हरवायचं.

आणि ते बसत नसत. कंट्रोल रूममध्ये एक फिरती खुर्ची होती, तिच्यासाठी लोक भांडत. भुवडदादांच्या पाळीत ती भिंतीकडे तोंड करून ठेवलेली असे. चहा उभ्याने. डबा टाकीजवळच्या कठड्यावर ठेवून, उभ्याने. फोन आला की हॅलो वगैरे नाही. "उभाय मी, बोला." घरून काकींचा फोन आला तरी तेच. "उभाय मी, बोल."

आमची बस सावर्ड्याहून सुटायची. कंपनीच्या बसमध्ये कोणाच्या जागेवर पाटी नसते, पण नवा माणूस चुकून भलत्या सीटवर बसला की चार जण एकदम सांगतात, "ती पवारांची." पवार त्या दिवशी रजेवर असले तरी. माणूस निवृत्त झाला की त्याची खिडकी कोणाला जाणार यावर आठवडाभर चर्चा चालते. भुवडदादांची खिडकी ड्रायव्हरच्या मागे तिसरी, म्हणजे चांगलीच मानाची. तिच्यावर लोकांच्या पिशव्या असत. दादा दरवाज्याजवळचा दांडा धरून उभे. पहाटेची ड्युटी, कामथं येईस्तोवर अख्खी बस माना टाकून झोपलेली. परतीच्या वेळी, दुपारच्या उन्हात, पुन्हा तेच. माझं सोडा, जागे फक्त दोघे. त्यातला एक बस चालवत होता.

उतरायच्या ठिकाणी लोकांना उठवायचं काम दादांचं. कोणाला नुसती हाक पुरते, कोणाच्या गुडघ्यावर हात ठेवावा लागतो, कोणाला दोनदा उठवावं लागतं कारण पहिल्यांदा तो 'हो' म्हणून पुन्हा झोपतो, हे सगळं त्यांना माहीत. "पाटील, बहादूरशेख आला." "निकम, कापसाळ. निकम. अहो, कापसाळ." आणि घाट उतरायला लागलो की हेच निकम तोंडावर टॉवेल घेण्याआधी सांगणार, "डुलकी, मला कापसाळला उठव हां."

मी हे वाक्य माझ्या कानांनी ऐकलंय. एकदा नाही, रोज. बसमधल्या एकालाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मला त्यांचा राग यायचा. आता कमी येतो, पण येतो.

हे नाव पडलं कसं, ते मला दादांच्या गावी कळलं. शिमगा जवळ आला होता. "ये गो बाय नमनाची तालीम बघायला, रविवारची दुपारची असते," असं त्यांनीच बोलावलं म्हणून गेले. देवळाच्या सभामंडपात दहाबारा माणसं, एक मृदंग, आणि मधोमध भुवडदादा. डोक्यावरून टॉवेलाचा पदर, कमरेवर हात, एक भिवई वर. नमनात, म्हणजे शिमग्याच्या खेळात, ते मावशी होतात. राधा आणि गवळणींना घेऊन मथुरेच्या बाजाराला निघालेली, पेंद्याशी हुज्जत घालणारी मावशी. आमच्या बसमधला तो खांद्याकडे बघून पुटपुटणारा माणूस तिथे नव्हताच. आवाज देवळाबाहेर जात होता. पेंद्या झालेला पोरगा हसून हसून खाली बसला, त्याला आपली वाक्यं आठवेनात, तर मावशीने त्याचीही वाक्यं स्वतःच म्हणून टाकली आणि वर त्याला झापलं, "मेल्या, बाजार करायला आलास की बसायला?" पंचक्रोशीत लोक विचारतात म्हणे, यंदा मावशी भुवडच ना? मग येतो.

काकी माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांना म्हटलं, दादा कंपनीत असे अजिबात नसतात. त्या म्हणाल्या, "घरात तरी कुठे असतात? जेवायला पाटावर बसतात तेवढंच. नायतर उभे. मी म्हणते, घर हाय, एस्टी स्टँड नाय."

तालीम संपल्यावर चहा आला. दादांनी टॉवेल घडी करून खांद्यावर टाकला आणि पुन्हा बारीक आवाजात सांगू लागले.

नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. शिमग्याचेच दिवस. पहिल्यांदा मावशीचं काम मिळालं होतं आणि बोलणी पाठ होत नव्हती. जेवणाच्या सुट्टीत ते गोडाऊनच्या सावलीला एका पिंपावर बसले आणि डोळे मिटून मनातल्या मनात गवळण म्हणू लागले. नेमके मुंबईचे मोठे साहेब पाहुण्यांना कारखाना दाखवत तिथून गेले. साहेबांनी थांबून बघितलं आणि म्हणाले, "हमारा माल इतना अच्छा है कि आदमी सूंघ के ही सो जाता है." पाहुणे हसले. पाहुणे हसले म्हणून मॅनेजर हसले. मॅनेजर हसले म्हणून सुपरवायझर.

"तुम्ही सांगितलं नाहीत?" मी विचारलं.

"काय सांगू? मी झोपलो नव्हतो, मी मावशी होतो? हे सांगायचं?" दादा म्हणाले. "सुपरवायझरला सांगितलं नंतर. तो म्हणाला, असू दे रे, साहेबांना नाव तरी कळलं तुझं."

साहेबांना नाव कळलंच नाही. दुसरंच कळलं, आणि तेच पुढे चालत राहिलं. ते साहेब गेले, ते मॅनेजर गेले, सुपरवायझर निवृत्त झाला. त्या पिंपावर बसलेला माणूस प्रत्यक्ष पाहिलेला एकही जण कारखान्यात उरला नव्हता. पण चार्ज देताना नुसता यंत्रांचा देत नाहीत, माणसांचाही देतात. हा पंप आवाज करतो, तो व्हॉल्व्ह जड आहे, हा माणूस झोपाळू आहे. नवा येणारा वहीत टिपून घेतो. पंप दुरुस्त होतो.

बढतीच्या मुलाखतीला दादा जायचे. एकदा तिघांच्या पॅनेलपुढे उभेच राहिले. साहेब म्हणाले, बसा. दादा म्हणाले, उभाय मी. साहेब हसून शेजारच्याला म्हणाले, "बसले की काय होतं ते माहितीय वाटतं त्यांना." हेही मला दादांनीच सांगितलं, बसमध्ये, दांडा धरून, कोणा तिसऱ्याची गंमत सांगावी तसं. त्यांच्यानंतर लागलेले कितीतरी जण त्यांच्यावर साहेब झाले.

मी भडकले. भडकणं हेच माझं काम. त्याच आठवड्यात पत्रकाचा मजकूर तयार केला, मथळा ठळक: 'डुलकी नेमकी कोणाला लागली आहे?' छापण्याआधी त्यांना वाचायला दिलं. त्यांनी दोनदा वाचलं, कागदाची घडी घालून माझ्या हातात परत दिली.

"बाय, हे सगळ्या एमआयडीसीत वाटणार?"

"हो."

"म्हणजे शेजारच्या कंपनीत ज्यांना माहीत नव्हतं त्यांनापण आता कळणार."

मी म्हटलं, पण दादा, आपण तर म्हणतोय की ते खोटं आहे. ते म्हणाले, "खोटं हाय हे खाली बारीक अक्षरात हाय. वर मोठ्यात काय हाय?" मग म्हणाले, "छापायचंच असलं तर माझं पुरतं नाव छाप. बापाच्या नावासकट. बाकी काय नको." नुसतं नाव छापून पत्रक होत नाही. मी तो मजकूर फाडला. संघटनेतले एक ज्येष्ठ म्हणाले, बरं केलंस, या माणसासाठी कोण रस्त्यावर उतरणार होतं.

आता ज्या दिवसावरून सगळं झालं, त्याबद्दल.

परदेशी गिऱ्हाईक कारखाना बघायला येणार होतं. आठवडाभर आधीपासून कामं सोडून सजावट चालली होती. जमिनीवरचे पिवळे पट्टे नव्याने रंगवले, गळक्या कोपऱ्यांपुढे भाड्याने आणलेल्या कुंड्या मांडल्या. पहिल्या पाळीचे शिफ्ट इंजिनिअर देसाई. तरुण, चटपटीत. कायम घाईत चालणारे, हातात फाईल, कानाला फोन. वरच्यांच्या लेखी ते फार कर्तबगार. माणूस वाईट नव्हता, आमच्या लॅबमधल्या मुलींशी नीट बोलायचा. त्या दिवशी दादा टाकी भरायला लावून तिच्यावर नजर ठेवून होते. देसाई त्यांच्याजवळ आले आणि म्हणाले, "भुवड, तुम्ही उंच आहात. गेटवर स्वागताचा बॅनर तेवढा बांधून या. टाकीकडे मी बघतो."

दादा गेले. शिडी धरायला सुरेश होता. सुरेश घाग, ठेकेदाराचा माणूस, पिंपं भरण्याच्या कामावर. देसाईंना तेवढ्यात केबिनमध्ये बोलावणं आलं, उद्याच्या सादरीकरणात काहीतरी बदलायचं होतं. टाकीकडे बघायला कोणीच उरलं नाही. टाकी भरली आणि वाहिली. माणूस कोणी भाजला नाही हे नशीब. माल गेला, आणि ते नवे पिवळे पट्टे सगळे गेले. वास आमच्या लॅबपर्यंत आला.

देसाईंनी रिपोर्ट लिहिला. तो मी नंतर वाचला. त्यात दादा झोपले होते असं कुठेही नाही. इंग्रजीत एवढंच, की त्या वेळी ऑपरेटर जागेवर सतर्क आढळला नाही. शब्दाला शब्द खरं. दादा जागेवर नव्हतेच. पुढचं लोकांनी भरून घेतलं. देसाईंना एक अक्षरही खोटं लिहावं लागलं नाही, त्यासाठी लागणारी सगळी मेहनत कारखान्याने गेली कित्येक वर्षं करून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये निकम म्हणाले, "काय डुलकी, लागली ना शेवटी?" यात दुष्टपणा नव्हता हो. मायाच होती.

"मी वर होतो. शिडीवर," दादा म्हणाले.

"शिडीवर झोपलास?"

बस हसली. दादाही थोडे हसले. मग घाटापर्यंत बाहेर बघत राहिले.

त्यांना निलंबित केलं, हातात आरोपपत्र दिलं, कंपनीची अंतर्गत चौकशी लावली. ते बसला यायचे बंद झाल्यावर पहिल्याच दुपारी निकम कापसाळऐवजी थेट सावर्ड्याला उतरले. दुसऱ्या दिवशी पाटीलही. तिसऱ्या दिवशी बसमध्ये यावर तक्रार सुरू झाली, की कंपनीने उठवायला कोणाला तरी नेमायला हवं. मी उठून उभी राहिले आणि म्हणाले, नेमलेला होता, तुम्ही त्याला झोपाळू म्हणता. कोणीतरी मागून म्हणालं, "बसा बाई, पत्रक सुरू झालं." माझंही नाव पडलेलं होतंच.

चौकशीत दादांच्या बाजूने मी प्रतिनिधी. साक्षीदार हवे होते, आणि दादांना शिडीवर पाहिलेली माणसं पुष्कळ होती. गेटवरचा वॉचमन म्हणाला, "मी बघितलं गो ताई, पण माझी बदली दिवसपाळीला होणार आहे, साहेबांनी शब्द दिलाय." कँटीनच्या भाऊंनी तर दादांना वर चहा नेऊन दिला होता. ते म्हणाले, "इतकी वर्षं झाली, माझ्याबद्दल एक वाकडा शब्द नाही कोणाच्या तोंडी. आता उगाच यात कशाला?" ज्याचं ज्याचं नाव चांगलं होतं त्यातल्या कोणालाच ते चांगलं नाव वापरायचं नव्हतं. मग ते मिळवलं कशासाठी, हे मला आजही कोणी समजावून सांगावं.

सुरेश स्वतःहून आला. "मी येतो साक्षीला. माझं काय जातंय? माझं नाव आधीच गेलंय."

सुरेशला सगळे बेवडा म्हणत. त्याचे डोळे कायम तांबडे आणि बोलणं मोठ्याने. पिंपं भरणाऱ्या सगळ्यांचेच डोळे चुरचुरतात, तांबडे होतात, आम्ही लॅबमध्ये दोन मिनिटं बाटली उघडी ठेवली तर आमचेही होतात. पण सुरेश शिवाय मोठ्याने बोलायचा, त्यामुळे ते नाव त्याला पडलं.

ही गोष्ट सांगायला मी दादांकडे गेले. मला वाटलं, खूश होतील. ते अंगणात उभे होते. म्हणाले, "बेवड्याची साक्ष?"

"दादा, तुम्ही त्याला पिताना पाहिलंत कधी?"

"सगळी बोलतात."

"सगळी तुम्हाला काय बोलतात?"

"ते वेगळं."

मी इतके दिवस ज्या माणसावरच्या अन्यायासाठी तोंड फाटेस्तोवर बोलत होते, तो मला त्या अंगणात निकमांइतकाच वाटला. काकी दारात उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "येतोय ना तो? मग येऊ दे. दुसरा कोण येतोय?" दादा परसात निघून गेले. तोच होकार धरून मी निघाले.

चौकशी ट्रेनिंगच्या खोलीत. चौकशी अधिकारी बाहेरून आणलेले वकील, सौम्य बोलणारे. सुरेश धुतलेला शर्ट घालून आला. त्याने सरळ सांगितलं: भुवडदादा वर होते, मी शिडी धरली होती, देसाईसाहेबांनीच पाठवलं होतं, आरडाओरडा ऐकू आला तेव्हा बॅनरची शेवटची दोरी बांधायची राहिली होती.

वकीलसाहेबांनी चष्मा काढला. "घाग, तुम्ही दारू घेता का?"

"घेतो कधीतरी. सणाला."

"त्या दिवशी घेतली होती?"

"त्या दिवशी सण नव्हता."

टाइप करणारी मुलगी हसू दाबत होती. वकीलसाहेबही हसले. पण प्रश्न विचारून झाला होता. टाकी, देसाई, शिडी यांबद्दल पुढे एकही प्रश्न आला नाही.

चहाची सुट्टी झाली. एच.आर.चे साहेब दादांना व्हरांड्यात घेऊन गेले आणि मलाही बोलावलं, म्हणजे लपवाछपवी वाटायला नको. गोड बोलत होते. म्हणाले, "भुवड, निवृत्ती जवळ आलीय, शेवटी शेवटी हे कशाला? आम्ही मान्य करतो, तुम्ही शिडीवर होता. झोपला नव्हता. तसं लेखी देतो. तुम्ही फक्त एवढं सांगा की घाग पिऊन होता, शिडी नीट धरत नव्हता, म्हणून तुम्हाला वर अडकून पडावं लागलं. नाहीतर तुम्ही वेळेत टाकीवर परत आला असता. ठेकेदाराचा माणूस आहे, ठेकेदार बघून घेईल. तुमचं नाव साफ, नोकरी शाबूत."

त्या व्हरांड्यात काय ठेवलं होतं समोर, ते नीट बघा. झोपला नव्हता, असं लेखी. कंपनीच्या कागदावर, सहीशिक्क्याने. आणि त्यासाठी जे बोलायचं होतं ते दादा तसंही अंगणात फुकट बोलून बसलेच होते.

साहेब गेले. दादा माझ्या खांद्याकडे बघत म्हणाले, "तुला काय वाटतं?"

मला खूप काही वाटत होतं. पण दोन पोरांची शिक्षणं आणि एक नोकरी त्यांची होती, माझी नव्हती. मी म्हटलं, दादा, तुम्ही ठरवा.

ते व्हरांड्याच्या कठड्याशी गेले. खाली आवारात सुरेश एकटाच भिंतीला टेकून, नळावर धुतलेले डोळे शर्टाच्या बाहीने पुसत होता. मग आम्ही आत गेलो.

वकीलसाहेबांनी विचारलं, "साक्षीदार घाग त्या दिवशी दारूच्या अंमलाखाली होते, असं तुमचं म्हणणं आहे?"

"नाय," दादा म्हणाले.

एच.आर.च्या साहेबांनी मान वर केली. वकीलसाहेब म्हणाले, "नीट विचार करून सांगा. त्यांना दारूची सवय आहे हे सर्वांना माहीत आहे."

"माहीत नाय, साहेब. ऐकलंय." दादांचा आवाज नेहमीसारखाच बारीक होता, टाइप करणाऱ्या मुलीला पुढे वाकावं लागलं. "मीपण ऐकलंय आणि मीपण बोललोय. पण पाहिला नाय. मी त्याला पिऊन असलेला कधी पाहिला नाय. त्या दिवशी शिडी त्याने घट्ट धरली होती. वर मी होतो, मला कळणार ना."

मुलीने विचारलं, "सर, काय लिहू?"

वकीलसाहेब म्हणाले, "प्रश्नाचं उत्तर 'नाही', एवढंच लिहा."

तेवढंच लिहिलं गेलं. मी हरकत घेतली, तीही लिहिली गेली नाही.

आम्ही बाहेर आलो तेव्हा आत काय झालं ते सुरेशला कळलं नव्हतं. तो म्हणाला, "जमलं का काय?" दादा म्हणाले, "बघूया." मग टपरीवर चहा झाला. दोघांची मैत्री वगैरे झाली असं कोणाला वाटत असेल तर तसं काही घडलेलं नाही. पुढे एकदा रत्नागिरीला जाताना एस्टीत दादा मला म्हणाले, "त्या सुरेशचं तोंड लय चालतं. मला अजून आवडत नाय."

दादांना कामावरून काढलं. पत्रात लिहिलं होतं: कर्तव्यात हयगय, आणि मागील इतिहास लक्षात घेता. मागील इतिहास म्हणजे ती जेवणाची सुट्टी आणि ते पिंप. ठेकेदाराने सुरेशला बोलावणं बंद केलं. तो आता संगमेश्वरकडे चिऱ्याच्या खाणीवर आहे, तिथल्या लाल धुळीत डोळ्यांचं काय म्हणतात कोण जाणे. देसाई बढती घेऊन दुसरीकडे गेले. जाताना निरोपाच्या भाषणात त्यांनी कामगारांचे आभार मानले, आणि मला वाटतं ते मनापासून मानले.

आम्ही दाद मागितली आहे. तारखा पडतात. मागच्या तारखेला रत्नागिरीला कामगार कार्यालयाच्या व्हरांड्यात थांबलो होतो. दादांनी नेहमीप्रमाणे गळ्यापर्यंत बटणं लावलेली. बाकावर दुसऱ्या कुठल्यातरी कंपनीतला एक माणूस बसला होता, आमच्यासारखाच हेलपाटे घालणारा. वेळ जात नव्हता म्हणून त्याने दादांना विचारलं, "तुमचं कशात?"

मला वाटलं, आता सांगतील. टाकी, बॅनर, खोटा आरोप, सगळं. मी तर सांगायला तोंड उघडलंच होतं. दादा म्हणाले, "एकाला बेवडा म्हणायचं होतं. नाय म्हटलं."

तो माणूस जरा चक्रावला. "म्हणजे तो पीत नव्हता?"

"ते मला काय माहीत," दादा म्हणाले. "मी काय त्याच्या घरी ऱ्हातो?"

आतून शिपायाने भुवड म्हणून हाक मारली. दादांनी पिशवी माझ्याकडे दिली, शर्ट खाली ओढून सारखा केला आणि आत गेले.